निळू फुले : कारकिर्दीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निळू फुले म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे धोतर, टोपी, अर्धवट मिटलेले डोळे आणि तो घोगरा आवाज येतो. तेवढ्यावरच थांबणाऱ्यांच्या हातून त्यांचं निम्म्याहून अधिक काम निसटतं. ज्या नटानं रंगमंचावर ‘सखाराम बाइंडर’मधला सखाराम उभा केला आणि पडद्यावर ‘सामना’तला हिंदुराव धोंडे पाटील आणि ‘सिंहासन’मधला दिगू टिपणीस असे दोन टोकांचे माणूस केले, त्याला ‘बाई, वाड्यावर या’ या एका संवादात कोंबलेलं मला पाहवत नाही. म्हणून ही उत्तरं काही ठिकाणी लांबली आहेत.

निळूभाऊंचं पूर्ण नाव काय? ते मूळचे कुठले?

निळकंठ कृष्णाजी फुले. जन्म पुण्याचा आणि निधनही पुण्यातच, १३ जुलै २००९ रोजी. पडद्यावरचा त्यांचा पाटील इतका अस्सल वाटायचा की अनेकांना ते साताऱ्या-सांगलीकडच्या कुठल्यातरी गावचे वाटत. प्रत्यक्षात ते पुण्यात वाढलेले, पुण्यात नोकरी केलेले. ग्रामीण बोलीचा तो बाज त्यांना लोकनाट्यानं दिला. गावोगावी प्रयोग करताना माणसं कशी बसतात, कशी थुंकतात, पैसे मोजताना कुणाकडे बघतात, हे ते टिपत राहिले.

अभिनयात येण्यापूर्वी ते काय करत?

पुण्याच्या आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेजात ते माळी होते. पगार महिना ८० रुपये, आणि त्यातले १० रुपये राष्ट्र सेवा दल या समाजवादी विचारांच्या संघटनेला. घरची परिस्थिती बेताची, कुटुंब मोठं. तरी हा हिस्सा बाजूला निघायचा. स्वतःची रोपवाटिका काढायची इच्छा होती, पण भांडवल नव्हतं.

हा तपशील मला महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे नटांच्या चरित्रात गरिबी म्हणजे पुढच्या यशाला उठाव देणारी पार्श्वभूमी असते. निळूभाऊंच्या बाबतीत तसं नव्हतं. हातानं काम करणाऱ्या माणसाचं शरीर त्यांच्या अभिनयात शेवटपर्यंत होतं. ते उकिडवे बसले की त्यांना तसं बसण्याची सवय आहे हे कळायचं.

रंगभूमीकडे ते कसे वळले?

सेवा दलाच्या कलापथकातून. कलापथक म्हणजे विचार लोकांपर्यंत नेण्यासाठी उभी केलेली नाट्यमंडळी. जातिभेद, अंधश्रद्धा, निवडणुका, दारू असे विषय घ्यायचे आणि तमाशाच्या अंगानं, गाणी-विनोदात गुंफून गावात मांडायचे. पु. ल. देशपांड्यांचं ‘पुढारी पाहिजे’ हे लोकनाट्य या मंडळींनी केलं. त्यातल्या रोंग्याच्या भूमिकेत निळू फुले लोकांना आवडले. ‘येरा गबाळ्याचे काम नोहे’ हे लोकनाट्यही त्याच काळातलं. पुढे शंकर पाटलांचा ‘कथा अकलेच्या कांद्याची’ हा वग आला आणि या माणसाचं नाव पुण्याबाहेर, पार खेड्यापाड्यांत पोहोचलं.

म्हणजे ते मुळात विनोदी नट होते?

होय, आणि त्यांच्या अभिनयाची किल्ली इथेच आहे असं माझं ठाम मत आहे.

लोकनाट्याची बांधणी साधी असते. गण, गवळण, बतावणी, मग वग म्हणजे मुख्य कथानाट्य. संहिता असते, पण ती सांगाड्यासारखी. सोंगाड्यानं, म्हणजे तमाशातल्या विनोदी नटानं, त्या गावात, त्या रात्री, समोर बसलेल्या लोकांकडे बघून तिच्यात मांस भरायचं. पुढच्या रांगेत सरपंच बसला असेल तर एक टोमणा त्याच्यासाठी; मागं पोरं गोंधळ घालत असतील तर त्यांनाच प्रयोगात ओढायचं. पडदा नाही, नेपथ्य जवळपास नाही, रात्रभर उघड्यावर आवाज पुरवायचा. अशा ठिकाणी नट पहिली गोष्ट शिकतो ती थांबायची. वाक्य टाकायचं आणि थांबायचं. हशा कुठून सुरू होतो ते ऐकायचं, तो शिगेला पोहोचू द्यायचा, ओसरायला लागला की नेमक्या त्या क्षणी पुढचं वाक्य. अर्धा क्षण लवकर बोललात तर वाक्य हशात बुडतं, उशिरा बोललात तर प्रयोग बसतो.

आता त्यांचा कुठलाही खलनायक आठवा. समोर हात जोडून उभा असलेला शेतकरी काहीतरी मागतो. निळूभाऊ लगेच उत्तर देत नाहीत. पान चघळतात, दुसरीकडे बघतात, कुणाला तरी भलतंच काम सांगतात. मग हळूच, जवळजवळ प्रेमानं, एक वाक्य बोलतात. तेवढ्या वेळात त्या शेतकऱ्याचा आणि आपलाही घसा कोरडा पडलेला असतो. ही थांबण्याची कला सोंगाड्याची आहे. वगात तिनं हशा मिळवला, पडद्यावर तिनंच भीती निर्माण केली. हत्यार तेच, वापर वेगळा.

पहिला चित्रपट कोणता?

‘एक गाव बारा भानगडी’, १९६८. दिग्दर्शक अनंत माने, कथा शंकर पाटलांची. त्यात झेलेअण्णा ही त्यांची भूमिका. गावातल्या राजकारणातला हा बेरकी माणूस प्रेक्षकांनी डोक्यावर घेतला आणि पुढची अनेक वर्षं त्याच घाटाच्या भूमिका त्यांच्याकडे येत राहिल्या.

त्यांच्या वाट्याला सरपंच, चेअरमन, पाटील अशाच भूमिका का आल्या?

याचं उत्तर चित्रपटाइतकंच महाराष्ट्राच्या इतिहासात आहे. राज्य झालं १९६० साली. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या सुरू झाल्या. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानं उभा राहिलेला सहकारी साखर कारखाना पाहून ठिकठिकाणी कारखाने निघाले. सोबत सोसायट्या, बँका, दूध संघ, शिक्षणसंस्था आल्या. या सगळ्यातून हजारो घरांत पैसा आणि शिक्षण पोहोचलं, हे आधी मान्य करायला हवं. पण त्याच वेळी गावात एक नवा सत्ताधारीही तयार झाला. त्याच्याकडे नुसती जमीन नव्हती. कर्जाचा अर्ज मंजूर करायचा की नाही, ऊस वेळेवर तोडायचा की शेतात वाळू द्यायचा, मास्तरची बदली कुठं करायची, हे सगळं त्याच्या हातात होतं.

मराठी ग्रामीण चित्रपटाला हा माणूस दाखवायचा होता, आणि तो दाखवायला जुन्या पद्धतीचा, मिशा पिळणारा, चाबूक ओढणारा खलनायक कुचकामी होता. हा माणूस हसून बोलतो, चहा पाजतो, लग्नाला आहेर करतो. निळूभाऊ अंगानं किरकोळ होते. कुणाला उचलून आपटतील असं त्यांच्याकडे बघून वाटत नसे, आणि त्याचाच उपयोग झाला. त्यांच्या पाटलाचं बळ दंडात नव्हतं, फोनच्या एका वाक्यात होतं. गावातल्या प्रेक्षकाला ते लगेच पटलं, कारण असा माणूस त्यानं परवाच ग्रामपंचायतीत पाहिलेला असायचा.

‘बाई, वाड्यावर या’ हा संवाद म्हणजेच निळू फुले का?

नकलाकारांनी तो त्यांच्या नावाला चिकटवला आणि आता तो निघणं कठीण आहे. लोक प्रेमानंच म्हणतात हे मला कळतं. तरी वाईट वाटतं ते दोन कारणांनी. एक म्हणजे नकलेत फक्त घोगरेपणा उरतो, आवाजातली चढउतार हरवते; निळूभाऊ धमकी देताना आवाज खाली आणत, नकलाकार वर नेतात. दुसरं, ते वाक्य आता गंमत म्हणून फिरतं. त्यांनी उभी केलेली माणसं गमतीची नव्हती. एकट्यादुकट्या बाईला वाड्यावर बोलावणं म्हणजे काय, हे ज्या गावांना ठाऊक होतं त्या गावांत ते पाहताना अंगावर काटा यायचा.

बायका त्यांना खरंच शिव्या घालत?

हो. गावोगावी बायका त्यांच्या नावानं बोटं मोडत, समोर दिसले तर सुनावत. निळूभाऊ ही कामाची पावती मानत. प्रत्यक्षातला माणूस मृदू बोलणारा, भरपूर वाचणारा आणि व्यसनांच्या विरोधात उभा राहणारा.

‘सखाराम बाइंडर’मधली भूमिका इतकी महत्त्वाची का मानतात?

विजय तेंडुलकरांचं हे नाटक मार्च १९७२ मध्ये रंगमंचावर आलं. दिग्दर्शक कमलाकर सारंग, चंपाच्या भूमिकेत लालन सारंग, सखारामच्या भूमिकेत निळू फुले. सखाराम हा पुस्तकं बांधणारा कारागीर. लग्नसंस्था त्याला मान्य नाही; नवऱ्यानं टाकलेली बाई घरी आणतो आणि पहिल्याच भेटीत आपले नियम ऐकवतो. खायला-प्यायला मिळेल, घर सांभाळायचं, शेज करायची, पटेनासं झालं तर तिकिटाचे पैसे घेऊन आपल्या वाटेनं जायचं. शिवराळ, रासवट, पण खोटं न बोलणारा. मृदंग वाजवणारा. आधी मुंग्यांशी बोलणारी, देवभोळी लक्ष्मी त्याच्या घरात येते, मग चंपा. आणि दोघींच्या सहवासात त्याची दोन वेगळी रूपं बाहेर पडतात.

या भूमिकेत मोठा धोका आहे. सखाराम नुसता राक्षस केला तर नाटक पहिल्या अंकातच संपतं. त्याला फार समजूतदार केलं तर लेखकाचा प्रश्नच बोथट होतो. मध्यमवर्गीय नट ही भाषा बोलला असता तर ती ‘बोलून दाखवल्यासारखी’ वाटली असती. निळूभाऊंच्या तोंडी ती त्या घरातली, त्या कामातली होती. बाइंडिंगच्या कामानं, घामानं, गांजानं बनलेला माणूस समोर बसलाय यावर विश्वास बसला की मग त्याचं हिंसक होणं आणि त्याचं कोसळणं दोन्ही असह्य होतात.

थोड्याच प्रयोगांनंतर रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाशी, म्हणजे नाटकांच्या सेन्सॉर बोर्डाशी, संघर्ष उभा राहिला. सारंग उच्च न्यायालयात गेले आणि निकाल नाटकाच्या बाजूनं लागला. या सगळ्या दिवसांवर त्यांनी ‘बाइंडरचे दिवस’ हे पुस्तक लिहिलंय. निळूभाऊंचा सखाराम समजून घ्यायचा असेल तर ते वाचावंच.

‘सामना’मध्ये त्यांनी नेमकं काय केलं?

जब्बार पटेलांचा चित्रपट, पटकथा तेंडुलकरांची, निर्माते रामदास फुटाणे. १९७५ च्या बर्लिन महोत्सवात तो स्पर्धेत होता. साखरसम्राट हिंदुराव धोंडे पाटील म्हणजे निळू फुले, आणि त्याच्या साम्राज्यात वाट चुकून आलेला दारुडा मास्तर म्हणजे डॉ. श्रीराम लागू.

हिंदुराव मास्तरला आसरा देतो, खाऊ-पिऊ घालतो, आपला कारखाना, आपली कामं मोठ्या अभिमानानं दाखवतो. निळूभाऊंनी तो अभिमान खरा ठेवलाय, हीच त्या भूमिकेची मेख. हा माणूस स्वतःला गावाचा कर्ता समजतो. माळरानावर आपण हे उभं केलं यावर त्याचा मनापासून विश्वास आहे. मग मास्तर गावातून नाहीशा झालेल्या एका माणसाबद्दल विचारायला लागतो, मारुती कांबळेचं काय झालं? प्रश्न एकच, पुन्हा पुन्हा. दर वेळी निळूभाऊंचा चेहरा थोडासाच बदलतो. आधी दुर्लक्ष, मग हसण्यावारी नेणं, मग चीड, आणि नंतर एक प्रकारचा थकवा. एका माणसाचं आतून खचत जाणं त्यांनी आरडाओरडा न करता दाखवलं. लागूंच्या बोलक्या, भळभळणाऱ्या मास्तरासमोर हा आवरलेला अभिनय होता म्हणून तो ‘सामना’ झाला. दोघांपैकी कोण वरचढ, असंही विचारतात. मला तो प्रश्न गैरलागू वाटतो, कारण एकाच्या कामाशिवाय दुसऱ्याचं काम उभंच राहत नाही.

मग ‘सिंहासन’मधला पत्रकार?

माझ्या मते पडद्यावरचं त्यांचं सर्वांत अवघड काम हेच. १९७९ चा चित्रपट, अरुण साधूंच्या ‘सिंहासन’ आणि ‘मुंबई दिनांक’ या दोन कादंबऱ्यांवर बेतलेला, पुन्हा पटेल-तेंडुलकर. अरुण सरनाईक मुख्यमंत्री, लागू अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे, सतीश दुभाषी कामगार नेते डिकास्टा. या सगळ्यांमध्ये हिंडणारा पत्रकार दिगू टिपणीस म्हणजे निळू फुले.

गंमत बघा, ज्याच्या संवादफेकीवर प्रेक्षक जीव टाकतात त्याला ऐकण्याची भूमिका दिली. दिगू मंत्र्यांच्या खोलीत बसतो, कोपऱ्यात उभा राहतो, ऐकतो, घरी एकटा परततो. त्याला सगळं कळतं आणि त्यातलं काहीही बदलण्याची ताकद त्याच्यात नाही. लोकनाट्यात शिकलेली ती थांबण्याची कला इथे पूर्ण रूपात दिसते. वगात थांबल्यावर पुढं वाक्य यायचं, हिंदुरावच्या थांबण्यानंतर हुकूम यायचा, दिगूच्या थांबण्यानंतर काहीच येत नाही. ते साचत जातं, आणि शेवटी त्याचा तोल सुटतो तेव्हा आपण ज्या गोष्टीची नकळत वाट बघत होतो ती हीच, हे लक्षात येतं.

सज्जन माणसाच्या भूमिका त्यांनी केल्या का?

केल्या, आणि रंगभूमीवर विशेष. जयवंत दळवींच्या ‘सूर्यास्त’मधले अप्पाजी हे ठळक उदाहरण. स्वातंत्र्यासाठी झिजलेला गांधीवादी म्हातारा, आणि त्याचाच मुलगा सत्तेच्या शिखरावर. पडद्यावर भ्रष्ट पुढारी रंगवणारा नट रंगमंचावर त्या पुढाऱ्याला जाब विचारणाऱ्या बापाच्या भूमिकेत उभा राहिला. सेवा दलात घडलेल्या माणसाला ही भूमिका किती जवळची असेल, वेगळं सांगायला नको.

त्यांना खलनायक म्हणावं की चरित्र अभिनेता?

चरित्र अभिनेता. खलनायक हा कथेतल्या जागेचा शिक्का आहे. निळूभाऊंनी त्या जागेवर प्रत्येक वेळी वेगळा माणूस बसवायचा प्रयत्न केला. सगळ्याच चित्रपटांत तो जमला असं नाही. सत्तर-ऐंशीच्या दशकांत त्यांच्याकडे एकसारख्या संहितांचा ओघ होता आणि काही चित्रपटांत नुसता साचाच दिसतो. घर चालवणाऱ्या नटाला प्रत्येक वेळी ‘सामना’ मिळत नसतो.

हिंदीत त्यांनी काय केलं?

मोजकं. ‘कुली’ (१९८३), ‘वो सात दिन’ (१९८३), ‘मशाल’ (१९८४) हे त्यांतले काही. पाहावा असा ‘सारांश’ (१९८४). त्यातला राजकारणी गजानन चित्रे म्हणजे मराठी प्रेक्षकाला ओळखीचा माणूस, मुंबईत येऊन बसलेला. हिंदीत त्यांना भूमिका मिळाल्या, पण त्यांच्या बोलीचा जो पट मराठीत उलगडायचा त्याला तिथे वाव नव्हता.

त्यांच्या सामाजिक कामाबद्दल सांगाल?

सेवा दलाचा धागा त्यांनी कधी सोडला नाही. सामाजिक कार्यकर्त्यांना मानधन मिळावं म्हणून उभारलेल्या सामाजिक कृतज्ञता निधीसाठी डॉ. लागू आणि इतर नामवंत कलाकारांबरोबर त्यांनी आचार्य अत्र्यांच्या ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग गावोगावी केले. ज्या कलाकारांना एका प्रयोगासाठी एकत्र आणणं मुश्कील, ते बसमधून दौरे करत होते. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामाच्याही ते पाठीशी राहिले. सभेला बोलावलं तर जायचे, मागं बसायला त्यांना कमीपणा वाटत नसे.

कोणते पुरस्कार मिळाले?

अभिनयासाठी राज्य शासनाचे पुरस्कार आणि १९९१ चा संगीत नाटक अकादमी पुरस्कार.

शेवटच्या काळात ते काम करत होते का?

हो, कमी केलं होतं पण थांबवलं नव्हतं. शेतकऱ्यांच्या प्रश्नावरचा ‘गोष्ट छोटी डोंगराएवढी’ हा त्यांच्या अखेरच्या चित्रपटांपैकी एक. अन्ननलिकेच्या कर्करोगानं ते गेले, ऐंशी गाठण्याआधीच. त्यांची मुलगी गार्गी हीदेखील अभिनयक्षेत्रात आहे.

त्यांचं काम पहिल्यांदाच पाहायचं असेल तर कुठून सुरुवात करावी?

आधी ‘एक गाव बारा भानगडी’ पाहा, म्हणजे लोकनाट्यातून आलेला ताजा निळू फुले भेटतो. संवाद कसा सोडतात, कुणाच्या वाक्यावर मान कशी वळते, याकडे लक्ष ठेवा. मग ‘सामना’. तो दोनदा पाहावा असं मी सांगेन: एकदा मास्तरसाठी, दुसऱ्यांदा फक्त हिंदुराववर नजर ठेवून, विशेषतः तो बोलत नसतो तेव्हा. त्यानंतर ‘सिंहासन’. ‘सारांश’ या सगळ्यांच्या अधेमधे कधीही चालेल. आणि ‘सखाराम बाइंडर’ची संहिता हाताशी ठेवा. सखारामची वाक्यं मनात वाचताना, आधीचे तीन चित्रपट पाहिले असतील तर, आवाज कुणाचा लावायचा हे शोधावं लागणार नाही.